जबड्यामुळे चक्कर? गुरुग्राममध्ये खर्च कोणत्या क्रमाने करावा

कानापुढे दुखतं, जांभई दिली की 'कट्ट' आवाज येतो, कानाला दडे बसल्यासारखे वाटतात आणि चालता चालता मध्येच तोल जातोय असं होतं. ही तक्रार घेऊन तुम्ही गुरुग्राममध्ये आधी कोणाच्या दारात जाता, त्यावर बिल ठरतं. न्यूरॉलॉजिस्टकडे गेलात तर मेंदूचा एमआरआय, हाडांच्या डॉक्टरांकडे गेलात तर मानेचा एक्स-रे आणि पट्टा, दातांच्या चकचकीत क्लिनिकमध्ये गेलात तर जबड्याचा थ्री-डी स्कॅन आणि वर स्प्लिंट (दातांवर बसवायचं कवच). यातला प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर असू शकतो. पण सगळी दारं एकापाठोपाठ फिरलात तर चाळीस हजार कधी गेले ते कळत नाही आणि चक्कर आहे तिथेच राहते.

म्हणून उपचारांच्या यादीपेक्षा इथे भर क्रमावर आहे. आधी काय करायचं, कशासाठी थांबायचं आणि कशावर सही करायचीच नाही. पुढे दिलेले दर खासगी ठिकाणचे आणि ढोबळ आहेत. गोल्फ कोर्स रोडवरचं हॉस्पिटल आणि सदर बाजाराजवळचा जुना दवाखाना यांत दुपटीचा फरक सहज पडतो. तेव्हा निघण्याआधी फोन करून विचारा. रिसेप्शनवर दर सांगायला टाळाटाळ झाली तर दुसरीकडे फोन लावा.

जबडा आणि चक्कर यांचा संबंध कितपत?

कानाच्या छिद्राच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली जे हलतं तो खालच्या जबड्याचा सांधा. दोन हाडांमध्ये एक चकती असते. ती सरकली, स्नायू आखडले किंवा सांधा सुजला की दुखणं, आवाज, तोंड कमी उघडणं या तक्रारी सुरू होतात. डॉक्टर याला टीएमडी म्हणतात, बोलताना बहुतेक जण नुसतं 'टीएमजे' म्हणतात.

अमेरिकेतले कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी १९३४ साली या सांध्याचा आणि कानाच्या तक्रारींचा, त्यात चकरेचाही, संबंध पहिल्यांदा ठळकपणे मांडला. दाढा गेल्यामुळे जबडा मागे सरकतो आणि कानाजवळच्या नसा दाबतो, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. ते पुढे टिकलं नाही. निरीक्षण मात्र टिकलं. जबड्याचा सांधा बिघडलेल्यांमध्ये कान गच्च होणं, कानात आवाज येणं, चक्कर येणं या तक्रारी इतरांपेक्षा जास्त आढळतात. चावण्याच्या स्नायूंना चालवणारी ट्रायजेमिनल नस कानाच्या पडद्याला ताण देणाऱ्या चिमुकल्या स्नायूलाही चालवते, आणि मेंदूच्या बुंध्यात तिच्या केंद्रांचं तोल सांभाळणाऱ्या केंद्रांशी जाळं जोडलेलं असतं. मानेचे वरचे स्नायूही याच भानगडीत असतात. तरीही जबड्यामुळेच चक्कर येते ही साखळी कोणी पक्की सिद्ध केलेली नाही. एखादा डॉक्टर 'शंभर टक्के जबड्यामुळेच' असं पहिल्या पाच मिनिटांत म्हणाला, तर पाकीट खिशातच राहू द्या.

चकरेचा प्रकार ओळखणं तुमच्या हातात आहे. गादीवर कूस बदलली की खोली गरगर फिरते आणि मिनिटभरात थांबते, ही बहुतेकदा आतल्या कानातले खडे हलल्याची खूण असते. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, तिचं कारण रक्तदाबात, रक्ताच्या कमतरतेत किंवा गोळ्यांत शोधावं. जबड्याशी जोडलेली चक्कर सहसा बोटीत बसल्यासारखी, डुलती असते. दात आवळून तासन्‌तास लॅपटॉपपुढे बसल्यावर, मान अवघडल्यावर किंवा रात्री दात खाल्ल्यावर सकाळी ती वाढते. आठवडाभर एका वहीत वेळ, काय करत होतो आणि किती वेळ टिकली एवढं लिहा. ही वही डॉक्टरांच्या पंधरा मिनिटांत मोठं काम करते, आणि तिचा खर्च शून्य.

यापैकी काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा

चक्कर अचानक आली आणि सोबत बोलणं जड झालं, तोंड वाकडं झालं, दोन-दोन दिसायला लागलं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला किंवा धड उभंच राहता येईना, तर ११२ ला फोन करून आपत्कालीन विभागात जा. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर त्याच दिवशी ईएनटी (कान-नाक-घसा तज्ज्ञ) गाठा. त्यावरच्या औषधाचा उपयोग लवकर सुरू केलं तरच होतो. जबडा दुखतोय, घाम सुटलाय, छाती भरल्यासारखी वाटतेय, जिना चढताना वाढतंय, हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. बायकांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये तो अनेकदा असाच, छातीत फारसं न दुखता येतो.

आणखी एक गोष्ट, जी दातांच्या क्लिनिकमध्ये निसटू शकते. वय पन्नाशीपुढे, चावायला लागलं की जबडा भरून येतो आणि थांबलं की उतरतो, कानशील ठणकतं, केस विंचरताना डोकं दुखतं. अशा वेळी शे-दोनशे रुपयांची ईएसआर ही रक्ततपासणी लगेच करून घ्या. कानशिलाच्या धमनीला सूज आलेली असू शकते आणि उपचार उशिरा झाले तर नजर जाते.

पहिले पैसे कानावर

पहिली भेट ईएनटीची. खासगीत ५०० ते १,००० रुपये, कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या ज्येष्ठ डॉक्टरांकडे १,००० ते २,००० रुपये. फोनवर एकच विचारा: 'डॉक्टर डिक्स-हॉलपाईक करतात का?' ही १९५२ पासून प्रसिद्ध असलेली तपासणी. तुम्हाला पलंगावर बसवतात, मान एका बाजूला वळवतात आणि झटकन उताणं झोपवतात. डॉक्टर तुमच्या डोळ्यांकडे पाहत राहतात. खडे हललेले असतील तर डोळे ठरावीक पद्धतीने झटके देत हलतात. दोन मिनिटं लागतात, यंत्र लागत नाही. खडे निघाले तर तिथल्या तिथे एप्ली ही हालचालींची क्रिया करून ते जागेवर बसवतात. काही ठिकाणी ती तपासणी फीतच धरतात, काही ठिकाणी ५०० ते २,००० रुपये वेगळे लावतात. कित्येकांची 'जबड्याची चक्कर' याच पलंगावर संपते, आणि मग जबड्याचं काय करायचं ते निवांत ठरवता येतं.

ऐकू कमी येत असेल किंवा कानात शिट्टी वाजत असेल तर ऑडिओमेट्री करावी, ५०० ते १,५०० रुपये. डोळ्यांवर गॉगल लावून करतात ती व्हीएनजी तपासणी २,५०० ते ५,००० रुपयांची. ती प्रत्येकाला लागत नाही. डॉक्टरांनी लिहून दिली तर 'हिच्या निकालाने उपचार बदलेल का?' एवढं विचारा. मेंदूच्या एमआरआयचे ६,००० ते १०,००० रुपये वर सांगितलेली धोक्याची लक्षणं किंवा एकाच कानाच्या बहिरेपणाची तक्रार असेल तरच घालवावेत. 'एकदा करून टाकू, मनाला शांतता' हे वाक्य घरच्यांच्या तोंडी हमखास येतं. मन शांत होतं हे खरं, पण चकरेचं निदान त्यातून क्वचितच निघतं.

सोबत फॅमिली डॉक्टरांकडून झोपून आणि उभं राहून असा दोनदा रक्तदाब घ्या. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि बी-१२ यांना मिळून १,००० ते २,५०० रुपये पुरतात. शाकाहारी माणसाने बी-१२ टाळू नये. चालू गोळ्यांची यादी न्या. नैराश्य-चिंतेवरच्या एसएसआरआय गटातल्या काही गोळ्यांनी दात आवळण्याची सवयही लागते आणि चक्करही येते, पण हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय त्यांच्या लक्षात यायचं नाही. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

चकरेवरच्या गोळ्यांचं थोडं सांगतो. बीटाहिस्टिन महिनोन्‌महिने चालू राहते, कारण ती बंद करायला कोणी सांगतच नाही. ती कशासाठी आणि किती दिवस, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. प्रोक्लोरपेराझिन, म्हणजे दुकानदार 'स्टेमेटिल' म्हणून देतो ती, उलट्या-मळमळीच्या दोन-चार दिवसांसाठी. ती लांबवली तर मेंदूची तोल सावरून घ्यायची नैसर्गिक प्रक्रियाच मंदावते. शिवाय काही जणांत, विशेषतः तरुणांत, तिच्यामुळे मान आणि जबडा आखडतो. जबडा दुखतोय म्हणून तक्रार आणि त्यावर हीच गोळी, असा घोळ व्हायला नको. या गोळ्या जनऔषधी केंद्रात ब्रँडच्या निम्म्याहून कमी दरात मिळतात.

जबडा बोटांनी तपासतात

कान स्वच्छ निघाला, रक्त ठीक निघालं, आता जबडा. कोणाकडे जायचं? 'टीएमजे स्पेशालिस्ट' अशी पाटी गुरुग्राममध्ये बरीच दिसते, पण भारतातल्या एमडीएस या दातांच्या पदव्युत्तर पदवीच्या नऊ शाखांत टीएमजे किंवा चेहऱ्याच्या वेदना अशी शाखाच नाही. पाटीवरच्या नावाखाली एमडीएस कशात आहे ते वाचा. ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजी असेल तर उत्तम, त्या खालोखाल ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी. तपासणी फी ५०० ते १,२०० रुपये.

चांगली तपासणी कशी ओळखायची? आधी घरी बघा. आपल्याच हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका उभी एकावर एक धरून समोरच्या दातांत घाला. तिन्ही मावली तर तोंड पुरेसं उघडतंय, साधारण चाळीस मिलिमीटर किंवा जास्त. दोनच मावत असतील तर ते सांगा. डॉक्टर हेच पट्टीने मोजतात, तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला झुकते का पाहतात, गालाचे, कानशिलाचे आणि मानेचे स्नायू दाबून 'हेच ते रोजचं दुखणं का?' असं विचारतात. टीएमडीचे २०१४ पासून जगभर वापरले जाणारे निकष असेच आहेत: प्रश्न आणि बोटं. वीस मिनिटं दिली, बोटं लावली आणि यंत्र शेवटी आठवलं, तर समजा योग्य ठिकाणी आलात.

सुपारी, पानमसाला किंवा गुटखा खाऊन तोंड कमी उघडत असेल तर तो सांध्याचा आजार नसण्याची शक्यता मोठी. तोंडाच्या आतली कातडी पांढरी, ताठ होते आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो. तोंड उघडवण्याचे व्यायाम विकत घेण्याआधी ओरल मेडिसिनच्या डॉक्टरांना गालाची आतली बाजू दाखवा.

ओपीजी हा जबड्याचा साधा एक्स-रे ४०० ते १,००० रुपयांत होतो आणि बहुतेकांना तेवढा पुरतो. सीबीसीटी, म्हणजे थ्री-डी स्कॅन, २,५०० ते ५,००० रुपये. तो हाडाचं दाखवतो, चकती दाखवत नाही. जबड्याच्या सांध्याचा एमआरआय ६,००० ते १२,००० रुपये, तो शस्त्रक्रियेचा विचार असेल किंवा जबडा अडकून बसला असेल तर करावा. काहीही दुखत नसलेल्या कित्येक लोकांच्या स्कॅनमध्येही चकती सरकलेली दिसते, त्यामुळे 'स्कॅनमध्ये दिसलं' एवढ्यावर उपचार विकत घेऊ नका.

मग सहा आठवडे जवळजवळ फुकटचे

हा भाग कंटाळवाणा आहे, आणि खरा उपयोग याचाच होतो. 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात २०२३ च्या डिसेंबरात जुनाट टीएमडी दुखण्यासाठीचं मार्गदर्शन आलं. ज्यांची ठाम शिफारस झाली त्यांत महागडं यंत्र एकही नाही: फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली जबड्याचे आणि बसण्या-उभं राहण्याच्या ढबीचे व्यायाम, हाताने सांधा-स्नायू मोकळे करणं, मनाचा ताण हाताळण्याची समुपदेशन पद्धत आणि घरचे व्यायाम. हे मार्गदर्शन दुखण्याबद्दल आहे, चकरेबद्दल नाही. पण जबड्याच्या वाटेने चकरेवर इलाज करायचा तर इथूनच सुरुवात.

ओठ मिटलेले, वरचे-खालचे दात सुटे, जीभ हलकेच टाळूला टेकलेली. दिवसभर जबडा असा असायला हवा. दात एकमेकांना लागायचं खरं काम जेवताना आणि गिळताना, बाकी वेळ ते सुटे हवेत. कॉलवर असताना, स्क्रीनवर काही अडलं असताना आणि एनएच-४८ वर ट्रॅफिकमध्ये अडकलेलं असताना स्वतःला पकडा. फोनवर तासातासाला एक बारीक कंप लावा, तो जाणवला की दात सुटे करा. गरम पाण्याची पिशवी किंवा ओला गरम टॉवेल दोन्ही गालांवर पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. पिशवी २००-३०० रुपयांची. गुरुग्रामच्या जानेवारीत सकाळी जबडा जास्त कडक असतो, तेव्हा शेक अंथरुणातच घ्या. पालथं झोपणं, हनुवटीला हात लावून बसणं, फोन खांद्यात धरणं बंद.

खाण्यात सहा आठवडे गजक, रेवडी, भाजलेला भुट्टा, तंदूरमधली वातड रोटी, घरून आलेली चिक्की आणि कडक बुंदीचा लाडू यांना सुट्टी. गोलगप्पे हे जबड्याच्या दृष्टीने सगळ्यात वाईट, कारण अख्खी पुरी आत जायला तोंड एकदम आ वासावं लागतं. मन आवरत नसेल तर फोडून वाटीत घ्या, विक्रेता हसेल. भात-वरण, मऊ भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून, खिचडी, उकडलेल्या भाज्या, दोन्ही दाढांनी सावकाश चावत. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा, तोंड फार उघडत नाही.

फिजिओथेरपीला एका वेळचे ५०० ते १,२०० रुपये, घरी बोलावलं तर ७०० ते १,५००. आधी विचारा की जबड्यावर काम केलंय का. फक्त मशीनचे शेक देऊन पाठवत असतील तर जागा बदला. सहा वेळा पुरे, त्यात व्यायाम शिकून घ्या आणि पुढे घरी करा. २० वेळांचं आगाऊ पॅकेज घेऊ नका. तोल सावरण्याचे व्यायाम हवे असतील तर 'व्हेस्टिब्युलर रिहॅबिलिटेशन' येणारा शोधा, दर साधारण तेवढाच. समुपदेशनाला गुरुग्राममध्ये एका वेळचे १,५०० ते ३,००० रुपये लागतात. तेवढं झेपत नसेल तर १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर सरकारी समुपदेशन फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

स्प्लिंट घ्यावा का?

रात्री दात खाता, दातांची टोकं झिजलीत, सकाळी गाल जड असतो, तर दात वाचवायला स्प्लिंट घ्यायला हरकत नाही. तो चक्कर घालवेल या आशेने घेऊ नये. त्याच 'बीएमजे' मार्गदर्शनात जुनाट दुखण्यासाठी काढता-घालता येणाऱ्या स्प्लिंटच्या बाजूने कौल पडलेला नाही. मऊ नाइट गार्ड ३,००० ते ६,००० रुपये, दातांचं माप घेऊन केलेला कडक स्प्लिंट ८,००० ते २५,००० रुपये. दरात इतकी तफावत का? लॅबचा खर्च एक, आणि पुढच्या घासून बसवण्याच्या भेटी दुसऱ्या. स्प्लिंट पहिल्या दिवशी सहसा नीट बसत नाही, दोन-तीनदा तो घासावा लागतो. त्या भेटी किमतीत आहेत का, हे बिलावर लिहून घ्या. ऑनलाइन मिळणारे गरम पाण्यात मऊ करून चावायचे गार्ड ३०० रुपयांपासून मिळतात. काही दिवसांची तात्पुरती सोय म्हणून ठीक, पण काहींचं त्याने आवळणं उलट वाढतं. स्प्लिंट लावल्यापासून सकाळी दात वेगळेच मिळतायत असं वाटलं तर वापर थांबवून लगेच दाखवा.

सांध्यात सुई घालून धुण्याची क्रिया (आर्थ्रोसेंटेसिस) १५,००० ते ४०,००० रुपयांत होते. अडकून बसलेल्या जबड्यात तिचा विचार सर्जन करतात. गालाच्या स्नायूत बोटॉक्स १५,००० ते ३०,००० रुपये, परिणाम तीन-चार महिने. दोन्ही चकरेसाठी घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत.

इथे सही करू नका

गुरुग्राममध्ये काही क्लिनिकमध्ये पहिल्याच भेटीला रंगीत छापील 'ट्रीटमेंट प्लॅन' हातात देतात. वर तुमच्या जबड्याचा स्कॅन, खाली तीन टप्पे: स्प्लिंट, मग 'बाइट करेक्शन', मग सगळ्या दातांवर कॅप किंवा ब्रेसेस. एकूण दीड ते पाच लाख. तळाशी सहीची जागा आणि शेजारी 'नो कॉस्ट ईएमआय'. हा ईएमआय म्हणजे फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज. उपचार अर्धवट सोडला तरी हप्ते चालू राहतात.

दात घासून चावा बदलणं, चांगल्या दातांवर कॅप बसवणं, सांध्याची चकती काढणं, या गोष्टी परत फिरवता येत नाहीत. चकरेच्या तक्रारीवर त्या कोणी सुचवल्या तर कागद घरी आणा, दुसरं मत घ्या. दुसरं मत ५०० रुपयांत मिळतं, आणि घासलेला दात परत येत नाही. 'आजच केलं तर वीस टक्के सूट' म्हणत असतील तर उठा.

कमी खर्चाची दारं

शहरातलं पहिलं दार सेक्टर १० च्या सरकारी रुग्णालयाचं. पर्चीचा खर्च नाममात्र, ईएनटी आणि दंतविभाग दोन्ही आहेत. कारखान्यात काम करून ईएसआय कापला जात असेल तर सेक्टर ९ए आणि मानेसर इथली ईएसआय रुग्णालयं, तिथे ओपीडीही मोफत. बुढेड्याला, बादलीच्या रस्त्यावर, एसजीटी विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तपासतात, वेळ जातो पण तपासणी सविस्तर होते आणि ओपीजी-स्प्लिंट बाजारभावापेक्षा बरेच स्वस्त पडतात.

दिल्लीला जायची तयारी असेल तर मिलेनियम सिटी सेंटरहून यलो लाइन थेट एम्सला नेते, गाडी बदलावी लागत नाही. तिथे ईएनटीही आहे आणि स्वतंत्र दंत केंद्रही. ओपीडी नोंदणी सरकारच्या ओआरएस पोर्टलवर आधी करून ठेवा. मौलाना आझाद दंत संस्थेसाठी सेंट्रल सेक्रेटरिएटला व्हायोलेट लाइन पकडून दिल्ली गेटला उतरा. चक्कर येत असताना स्वतः गाडी चालवत जाऊ नका, सोबत कोणी घ्या. रोहतकची सरकारी पदव्युत्तर दंत संस्था हरियाणाच्या लोकांसाठी आणखी एक पर्याय. सुट्टीत महाराष्ट्रात घरी जाणारच असाल तर मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय, नायर दंत रुग्णालय किंवा नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय यांतल्या ओरल मेडिसिनच्या ओपीडीत एक फेरी मारून या. हा त्रास घरी आईला असेल, तर तिला गुरुग्रामला बोलावून कॉर्पोरेट हॉस्पिटलात दाखवण्यापेक्षा ते कितीतरी सोपं पडतं.

विम्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. दाखल न होता घेतलेले दातांचे उपचार बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत, त्यात स्प्लिंट आलाच. आयुष्मान कार्ड, सत्तरीपुढच्यांचंही, दाखल झाल्यावरच चालतं, ओपीडीला नाही. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडीची सोय असेल तर ईएनटी, ऑडिओमेट्री आणि फिजिओथेरपी त्यातून निघू शकतात. एचआरला मेल करून लेखी विचारा. डॉक्टरांच्या उपचारावर जीएसटी लागत नाही. बिलावर तशी ओळ दिसली तर कशाची ते विचारा.

दोन बिलं शेजारी ठेवून बघू. समजा, क्रम उलटा झाला: न्यूरॉलॉजिस्ट १,५००, मेंदूचा एमआरआय ८,०००, मानेचा एमआरआय ८,०००, सीबीसीटी ४,०००, स्प्लिंट १८,०००, टॅक्सी ३,०००. बेरीज ४२,५००. क्रम सुलटा ठेवला: ईएनटी दोन भेटी १,५००, ऑडिओमेट्री १,०००, रक्ततपासणी १,५००, ओरल मेडिसिन ८००, ओपीजी ६००, फिजिओ सहा वेळा ४,८००, शेकाची पिशवी ३००. बेरीज १०,५००. आणि पलंगावरच्या दोन मिनिटांत खडे निघाले तर दीड-दोन हजारांतच काम आटोपतं.

सहा ते आठ आठवडे नेमाने करूनही फरक नसेल तर पुन्हा ईएनटी किंवा न्यूरॉलॉजिस्ट. या वेळी अर्धशिशीची चक्कर हा प्रश्न स्वतःहून काढा. डोकं न दुखताही ती येते, जबडा आणि मान दोन्ही दुखवते, आणि बऱ्याचदा टीएमजेच्या नावाखाली वर्षानुवर्षं फिरते. तिथे एमआरआय सांगितला तर तेव्हा करा.

प्रत्येक ठिकाणची पावती, चिठ्ठी आणि स्कॅनची सीडी सांभाळा. डॉक्टरांकडे नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्याव्यात असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे. फसवणूक झाली असं वाटलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढे जायचं तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे गुरुग्राममध्येच, तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे फी नाही. मुदत दोन वर्षांची. रोख पैसे दिलेत तरी पावती मागून घ्या, तिच्याशिवाय तक्रार उभी करणं अवघड जातं.